आत्यांचे तेवीस रुपये

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

पिरंगुटहून बोलतेय. बाहेर पाऊस लागलाय, ओट्यावरच्या मिठाला पाणी सुटलंय आणि पापडाचा डबा उघडायची सोय नाही. अशा दमट दिवसांत घरातलं काय काय खराब होतं ते तुम्हाला सांगायला नको. धान्याला किडा लागतो, चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, ट्रंकेतल्या साडीच्या जरीचा रंग उतरतो. पण आणखी एक वस्तू या हवेत हळूहळू बदलत असते आणि तिच्याकडे आपलं लक्ष नसतं. ती म्हणजे घरातली जुनी नाणी.

हसू नका. मी पंचवीस वर्षं एका पतसंस्थेच्या काउंटरवर नाणी मोजली. रोज संध्याकाळी बोटं काळी व्हायची. आपल्याला नाण्यांतलं सगळं कळतं असा माझा समज होता. तो कसा उतरला, ते आज सांगणार आहे.

आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्या आत्यांचं माहेर मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. १९२१ साली सेनापती बापटांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन सत्याग्रह केला, बायाबापड्या तुरुंगात गेल्या, तरी धरण झालंच. १९२७ पर्यंत पाणी भरलं. आत्यांचा जन्म त्यानंतरचा. पण त्यांच्या आईनं गाव सोडताना कमरेला जो कसा बांधून आणला होता, त्यातले नऊ चांदीचे रुपये आत्यांकडे आले. पुढे आत्यांच्या लग्नात आणि नंतर थोडे थोडे करून आणखी चौदा जमले. एकूण तेवीस. आत्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण ते रुपये हातात घेतले की कुठला कोणाकडून आला ते त्या सांगायच्या. मुकुट नसलेला एक राजा होता, त्याला त्या ‘बोडका रुपया’ म्हणायच्या.

मी या घरात आले आणि काही वर्षांनी किल्ल्या माझ्याकडे आल्या. दर धनत्रयोदशीला मी ते रुपये काढायची, चिंच लावायची, मग भांड्यांच्या पावडरीनं घासघासून लख्ख करायची. पाटावर मांडले की आरशासारखे चमकायचे. मला किती अभिमान! आत्या एकदाच म्हणाल्या होत्या, “आगं, घासती कशापायी? लक्ष्मी हाय ती. तिची कातडी सोलू नगंस.” मी हसले होते. अकरा वर्षं मी हे केलं.

आत्या गेल्या. पुढे माझ्या धाकट्या लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फीचा प्रश्न आला. म्हटलं, रुपये मोडू. डबा उघडला तर त्यात एकवीसच. जीव खाली-वर झाला. घरात शोधाशोध झाली, एकमेकांकडे संशयानं बघून झालं. शेवटी आत्यांच्या ट्रंकेच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या धुवट चिंधीत गुंडाळलेले दोन रुपये सापडले. एक १९०७ चा, तोच बोडका, आणि एक १९१९ चा. काळपट, कडेला निळसर-जांभळी झाक आलेली. मी म्हटलं, म्हातारपणी आत्यांना विसर पडला असेल आणि वेगळे ठेवले असतील. तेवीसच्या तेवीस पिशवीत घातले आणि सोनाराकडे गेले.

सोनारानं पाच-सहा उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, “बाई, हे सगळे भेसळीचे. सरसकट निम्मी चांदी धरतो.” मी पिशवी उघडूनच उभी होते. पण त्या दिवशी पुतण्या बरोबर होता. तो म्हणाला, “काकू, पुण्यात नाण्यांचं प्रदर्शन भरलंय. आधी तिथं दाखवू, मग विकू.” चांदणी चौकापर्यंतच्या गर्दीत दोन तास गेले, पण ते दोन तास सार्थकी लागले.

प्रदर्शनात एक वयस्कर संग्राहक बसले होते. टेबलावर मऊ कापड, हातात भिंग. त्यांनी रुपये कडेनं धरले, दिव्याखाली फिरवले आणि दोन ढीग केले. तारखेप्रमाणे. मग मला जे सांगितलं ते आज तुम्हाला सांगते, कारण हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक पाहिजे.

पहिली गोष्ट चांदीची. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. तेच एका तोळ्याचं वजन, म्हणून तर ‘रुपयाभार’ हा शब्द आला. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयात शंभराला जवळजवळ ९२ भाग चांदी होती. म्हणजे एका रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून, महायुद्धाच्या काळात, चांदी निम्म्यावर आणली. त्या रुपयात ५.८३ ग्रॅम. १९४७ चा, पाठीवर वाघ असलेला रुपया तर चांदीचा नाहीच, तो निकेलचा. त्याला चुंबक लावलं तर चिकटतो. चांदीचा चिकटत नाही.

आता माझा हिशेब बघा. माझ्याकडे १९४० नंतरचे चौदा आणि आधीचे नऊ. सोनार सगळ्यांना निम्मी चांदी धरत होता. त्या नऊ रुपयांत खरी चांदी सुमारे ९६ ग्रॅम, तो धरणार होता साडेबावन्न. झिजलेल्या रुपयाचं वजन थोडं कमी भरतं हे खरं, पण तरीही चाळीस ग्रॅमच्या आसपास चांदी मी नुसती साल न वाचल्यामुळे सोडून देणार होते. पंचवीस वर्षं काउंटरवर बसलेली बाई मी!

म्हणून पहिलं सांगणं हे. रुपया मोडायला निघालात तर आधी साल वाचा. लिहायला-वाचायला येत नसेल तर शाळेतल्या नातवाकडून वाचून घ्या. वहीत मांडा. १९३९ पर्यंतचे किती, १९४० नंतरचे किती. त्या दिवशीचा चांदीचा भाव बघा आणि गुणाकार करा. ही झाली नाण्याची सगळ्यांत खालची किंमत. तिच्या फार खाली कुणी मागत असेल तर पिशवी बांधून घरी या. गरजेच्या दिवशी बाईकडचा ऐवज नेहमी घाईत विकला जातो. घाई आपली आणि फायदा दुसऱ्याचा, असं होतं.

दुसरी गोष्ट कातडीची. हो, आत्यांच्याच शब्दात सांगते.

त्या गृहस्थांनी एकवीस रुपये बाजूला सारले आणि म्हणाले, “ताई, हे घासलेत.” मी म्हटलं, “हो, दर दिवाळीला. किती छान चमकतात!” त्यांनी मला भिंग दिलं. त्यातून पाहिलं तर राणीच्या गालावर, राजाच्या कपाळावर हजारो बारीक ओरखडे. घासणीनं ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर पडतात तसे. मग त्यांनी चिंधीतले ते दोन काळपट रुपये दिव्याखाली हळूच कलते केले. काळपटपणाच्या खालून एक झळाळी उठली आणि रुपया फिरेल तशी ती गोल फिरत गेली. मी बघतच राहिले.

त्यांनी समजावून सांगितलं. टाकसाळीत नाणं पाडतात तेव्हा ठशाच्या दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकतो. त्याच्या अतिबारीक रेघा नाण्यावर राहतात आणि त्याच उजेडात अशा फिरताना दिसतात. ती खरी टाकसाळीची झळाळी. आपण पावडरीनं आणतो ती चमक वेगळी. ती या रेघा पुसूनच येते. एकदा गेलेली रेघ जगातल्या कुठल्याही उपायानं परत येत नाही. आणि चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. तो काळा थर अगदी पातळ असतो, रुपयाला खात नाही. चिंच आणि पावडर मात्र तो थर काढताना त्याच्याबरोबर थोडी चांदीही नेते. दरवर्षी थोडी. अकरा वर्षं.

मी विचारलं, “मग ह्या दोघांना लाखभर मिळतील का?” ते हसले. म्हणाले, “नाही हो. १९०७ आणि १९१९ चे रुपये भरपूर पडले होते. पण घासलेल्यापेक्षा याला नाणी जमवणारा माणूस नक्कीच जास्त देईल.” मला तो माणूस खरा वाटला, कारण त्यानं लाखाची गोष्ट केली नाही.

परत येताना भुकूम ओलांडलं, पिरंगुटचा घाट लागला आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. आत्यांना विसर पडला नव्हता. त्यांनी मला एकदा सांगून पाहिलं, मी हसले. त्यानंतर त्या माझ्याशी भांडल्या नाहीत, किल्ल्या परत मागितल्या नाहीत. गुपचूप आपल्या आईचे दोन रुपये काढून चिंधीत बांधून ठेवले. माझ्या हातापासून वाचवून ठेवले. मैत्रिणींनो, बसच्या खिडकीशी बसून मी रडले. पुतण्या म्हणाला, “काय झालं काकू?” मी म्हटलं, “धूळ गेली डोळ्यात.”

आता तिसरी गोष्ट, ग्रेडची. हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. प्रदर्शनात कितीतरी नाणी जाड, कडक, पारदर्शक डबीत सीलबंद केलेली दिसली. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. या डबीला स्लॅब म्हणतात. पद्धत अमेरिकेतली. गेल्या शतकाच्या मध्याला विल्यम शेल्डन नावाच्या संग्राहकानं जुन्या अमेरिकन तांब्याच्या सेंटसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी केली. सत्तर नंबरच्या नाण्याची किंमत एक नंबरच्या सत्तरपट, असा त्याचा सरळ हिशेब होता. बाजारानं तो हिशेब केव्हाच मोडला, आकडे मात्र राहिले. पुढे १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या निघाल्या. त्या नाणं तपासतात, खरं की खोटं ते बघतात, आकडा देतात आणि डबीत बंद करतात. साठ आणि त्यापुढचा आकडा म्हणजे नाणं व्यवहारात फिरलेलंच नाही. पन्नाशीतला आकडा म्हणजे उंच भागावर किंचित झीज. जसजसं खाली यावं तसतसं नाक, कान, केस पुसत जातात. आणि घासलेलं, भोक पाडलेलं, कडी डाकलेलं नाणं असेल तर बहुधा आकडाच मिळत नाही. ‘नाणं खरं, पण बिघडवलेलं’ अशा अर्थाचा शेरा मिळतो. माझे एकवीस रुपये या शेऱ्यातले.

आता प्रश्न असा की डबीत बंद केलेलं नाणं वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं का? दुकानदार ‘कायमचं सुरक्षित’ म्हणतात. त्यात निम्मं खरं आहे. स्लॅबचं प्लॅस्टिक कडक असतं, नाण्याला मारक नसतं, बोटं लागत नाहीत, पडलं तर ओरखडा डबीला जातो. हा मोठाच फायदा. पण स्लॅब म्हणजे लोणच्याची बरणी नव्हे. ती हवाबंद नसते. दमट जागी ठेवली तर आतली चांदी काळवंडते, तांब्याचा लाल रंग तपकिरी होतो. तांब्याच्या रंगाची हमी म्हणूनच या कंपन्या हात राखून देतात. नव्या चकचकीत चांदीच्या नाण्यांवर कधी कधी डबीत असतानाच दुधाचे थेंब सुकावेत तसे पांढरे डाग उमटतात. म्हणजे चिठ्ठीवरचा आकडा लिहिला त्या दिवशीचा असतो. पुढचं आपल्या घरच्या हवेवर आणि आपल्या हातावर.

शिवाय आकडा देतात तीही माणसंच. तेच नाणं दुसऱ्यांदा पाठवलं तर एखादा आकडा इकडेतिकडे होतो. आणि मोठ्या आकड्याला पैसे मिळतात म्हटल्यावर खोट्या डब्याही निघाल्या. म्हणून स्लॅबमधलं नाणं घ्यायचंच असेल तर चिठ्ठीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर घालून बघा आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून पाहा. डबी विकत घेऊ नका, नाणं विकत घ्या, असं ते गृहस्थ म्हणाले.

आपल्या घरातली नाणी ग्रेड करून घ्यावीत का? बहुतेक वेळा नको. फी, कुरिअर, विमा हा खर्च साध्या नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नाणं खरोखर दुर्मीळ असेल तरच विचार करा. उदाहरणार्थ १९३९ चा रुपया फार दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याची नक्कल फार. किंवा १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया. त्यावर राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती इतका बारीक झाला की लोकांना तो डुकरासारखा दिसला. ओरड झाली, रुपया मागे घेतला आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट काढला. असं काही सापडलं तर जाणकाराला दाखवा.

पण कायदा लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू. ती आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. कुणी म्हणालं, “द्या ताई, मी परदेशातून ग्रेड करून आणतो,” तर आधी विचारा, नाणं प्रत्यक्ष जाणार कुठं? आणि शेतात नांगरताना, पाया खणताना नाणी सापडली, आपल्याकडे पावसानंतर बांधावर कधीमधी शिवराई सापडते, तर जमिनीत दडलेल्या धनासाठी १८७८ चा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं असतात. महाराजांच्या राज्याभिषेकाच्या काळापासूनचं हे तांब्याचं नाणं पुढे पेशवाईतही पडत राहिलं. ती मातीसकट चिंचेत बुडवू नका. कितीतरी शिवरायांवरची अक्षरं आपण घरीच पुसून टाकली आहेत.

आता घरात नाणी कशी ठेवायची ते पटपट सांगते. वही-पेन घ्या.

नाणं धरायचं ते कडेनं, चिमटीत. तोंडावर बोट टेकवायचं नाही. घामाचा आणि तेलाचा ठसा पुढे काळा डाग होऊन बसतो. बघताना खाली जाड मऊ कापड अंथरा, फरशीवर पडलं तर कड चेपते.

माती असेल तर शुद्ध पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं त्यात, भिजत ठेवा. मग मऊ कापडानं टिपून घ्या. टिपायचं, पुसायचं नाही. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, पावडर काहीही नको.

मऊ प्लॅस्टिकची पाकिटं आणि अल्बम नकोत. ओळखायचं कसं? नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी. काही वर्षांनी त्यातून चिकट हिरवट रस सुटतो आणि तो नाण्याला खातो. माझ्या एका मैत्रिणीनं मुलाच्या जन्मापासूनची कोरी नाणी अशा अल्बममध्ये हौसेनं लावली होती. दहावीच्या निकालाला अल्बम उघडला, तर सगळ्यावर हिरवी साय. त्याऐवजी पुठ्ठ्याच्या चौकटीत स्वच्छ पारदर्शक फिल्म असलेले होल्डर किंवा कडक गोल डबी मिळते, ती घ्या. चिकट रस लागलाच असेल तर तो शुद्ध ॲसिटोननं निघतो. पण ते पेट्रोलसारखं पेट घेतं. गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून, जाणत्या माणसाकडून करून घ्या. नखांचं रिमूव्हर त्याजागी चालत नाही, त्यात वास आणि तेल मिसळलेलं असतं.

रबरबँड नको, लोकर नको, वर्तमानपत्र नको. रबर आणि लोकर यांत गंधक असतं, कागदात आम्ल. लाकडी कपाटातल्या नव्या फळीची वाफही बाधते. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बरा. त्यात बुटाच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्याआधी बदला. डबा स्वयंपाकघरात नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको. आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्या भिंती ओल्याच असतात.

तांब्याच्या नाण्यावरचा टणक, एकसारखा हिरवा-तपकिरी रंग त्याचं संरक्षण करतो, तो राहू द्या. पण फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो रोग समजा. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

आणि पूजेचं काय? देवापुढे ठेवू नका असं मी म्हणणार नाही. लक्ष्मीपूजनाला एक रुपया ठरवून टाका. त्यालाच हळद-कुंकू, त्यालाच पंचामृत, त्यालाच घासणं. बाकीच्यांना डबीतूनच नमस्कार. लक्ष्मीला राग येत नाही, मी करून पाहिलंय.

आता एक धोक्याची गोष्ट. आमच्या आळीतल्या एका वहिनींना फोन आला. “तुमच्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे का? लाखो रुपये देतो.” त्यांच्याकडे होतं. ते नाणं सरकारनं २०१२ साली काढलेलं, कितीतरी घरांत आहे. आधी नोंदणीचे पैसे मागितले, मग कर म्हणून, मग रिझर्व्ह बँकेचं कमिशन म्हणून. वहिनींनी तीन वेळा पैसे पाठवले. बचत गटातून काढलेले. चौथ्यांदा फोन बंद. त्यांनी घरात दोन महिने कुणाला सांगितलं नाही. बाई फसली की नुकसान होतं ते होतंच, वर ती लाजही एकटीच वाहते. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीरच केलंय की जुनी नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि असं कमिशन कुणालाही मागायला सांगत नाही. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागितले की समजायचं, चोर आहे. फसलात तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर तितके पैसे लांब. आणि घरात सांगा. लाज फसवणाऱ्यानं बाळगायची.

एक शेवटचं. आपल्या कितीतरी आज्यांच्या गळ्यात रुपयांच्या माळा होत्या. प्रत्येक रुपयाला कडी डाकलेली. संग्राहकाच्या लेखी ते नाणं बिघडलेलं. पण माझं म्हणणं, ती कडी काढू नका. काढली तरी डाग राहतो, नाण्याची किंमत वाढत नाही आणि माळही जाते. त्या कडीमुळे कळतं की हा रुपया कुणा बाईच्या अंगावर होता, तिजोरीत नव्हता. त्याला बाजारात आकडा मिळत नसेल तर न मिळो.

नाणी बघायची हौस असेल तर मुलांना घेऊन मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयात जा. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथं जुनी नाणी नीट बघा.

तर शेवटी मी काय केलं? १९४० नंतरच्या चौदापैकी बारा रुपये मोडले. दुसऱ्या सोनाराकडे, साल वाचून, हिशेब मांडलेली वही पुढे ठेवून. फीचा एक हप्ता निघाला, उरलेल्यासाठी गटाचं कर्ज घेतलं. ते फिटत आलंय. पाण्याखालच्या गावातून आलेले नऊ मी ठेवले. सात घासलेले आणि दोन न घासलेले. प्रत्येकाच्या डबीवर चिठ्ठी लावलीये. तिच्यावर आकडा नाही. साल आहे, वजन आहे आणि कोणाकडून आला ते लिहिलंय. घासलेल्या सातांवर मी तेही लिहिलं, ‘सुनेनं घासले’. लेकीनं विचारलं, “आई, हे कशाला लिहिलंस?” मी म्हटलं, “तू घासू नयेस म्हणून.”

लेक आता शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत ती सुट्टीवर आली, तिनं हात धुऊन कोरडे केले, बोडका रुपया कडेनं उचलला आणि खिडकीशी जाऊन हळूच कलता केला. झळाळी फिरली. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

मैत्रिणींनो, पाऊस ओसरला की एखाद्या दुपारी तुमचाही डबा उघडा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि विचारा, हा कुठला, हा कोणाचा. ते सांगतील ते लिहून ठेवा. चांदी काळी पडली तरी राहते, सांगणारं माणूस राहत नाही. येते मी. नमस्कार.